क्रूझवर कोणती खोली घ्यावी? आई-बाबांना किंवा व्हीलचेअर घेऊन जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या घरातून, नात्यातून आणि सोसायटीतून कुणी क्रूझला निघालं की खोली निवडायचं काम माझ्याकडे येतं. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, अर्धांगवायूनंतर व्हीलचेअर लागली. त्यांना घेऊन केलेल्या पहिल्या फेरीत आम्ही चांगलेच आपटलो आणि तेव्हापासून मी पर्समध्ये मोजपट्टी ठेवते. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

इनसाइड, ओशनव्ह्यू, बाल्कनी, स्वीट यांत नेमका फरक काय?

इनसाइडला खिडकी नसते. ओशनव्ह्यूला खिडकी असते, पण उघडत नाही. खालच्या डेकवर तर ती ताटाएवढी गोलच असते. बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक टेबल कसंबसं मावतं. स्वीट म्हणजे मोठी खोली आणि सोबत मानपान: बोटीवर चढताना वेगळी रांग, कधी वेगळं रेस्टॉरंट.

आकाराची कल्पना आधीच करून ठेवा. साधी इनसाइड खोली 140 ते 180 चौरस फुटांची असते आणि जुन्या जहाजांवर त्याहूनही लहान. बाल्कनीवाली साधारण 180 ते 200. बाथरूम त्यातच आलं. फोटो कोपऱ्यात उभं राहून रुंद लेन्सने काढलेले असतात, त्यांवर जाऊ नका. दोन मोठ्या सुटकेसा उघडून ठेवल्या की चालायला जागा उरत नाही. बॅगा रिकाम्या करून पलंगाखाली सरकवायच्या, ही पहिल्याच संध्याकाळची कामगिरी.

इनसाइड खोलीत दिवा घालवला की मिट्ट काळोख होतो. काहींना त्यात गाढ झोप लागते, पण म्हातारी माणसं रात्री उठली की गोंधळतात. यावर एक सोपा उपाय आहे. बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका चॅनेलवर नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र असतं. आवाज बंद करून तेच लावून ठेवायचं. रात्री मंद उजेड राहतो आणि उजाडलं की तेही कळतं.

मुंबई-गोवा दोन-तीन रात्रींच्या फेरीला बाल्कनीचे पैसे टाकावेत का?

माझं मत विचाराल तर नाही. संध्याकाळी बोट सुटते तेव्हा सगळे वर डेकवर असतात, नंतर जेवण, मग कार्यक्रम. खोलीत तुम्ही झोपायलाच येता. शिवाय मुंबईहून सुटणारी एम्प्रेस हे 1990 सालचं जहाज. त्या काळी बाल्कन्यांचं आजच्याएवढं वेड नव्हतं, त्यामुळे तशा खोल्या मोजक्याच आहेत आणि दर त्याच हिशोबाने.

अपवाद एकच. सोबतच्या माणसाला वारंवार वर-खाली करणं जमणार नसेल, तर बाल्कनी ही चैन नाही. आप्पांचा अर्धा दिवस तिथेच जायचा, हातात चहा आणि मांडीवर पेपर. नॉर्वे किंवा अलास्कासारख्या फेरीत, जिथे बोटीवरून पाहणं हाच कार्यक्रम असतो, तिथेही मी बाल्कनीसाठी पैसे मोजेन.

डावी बाजू घ्यावी की उजवी?

मुंबईहून गोव्याकडे जाताना किनारा डावीकडे आणि मावळता सूर्य उजवीकडे. परतताना उलट. त्यामुळे जाऊन-येऊन फेरी असेल तर हिशोब बरोबरीचा सुटतो. किनाऱ्याची फार आस धरू नका, बराचसा प्रवास रात्रीचा आणि जमिनीपासून लांबून असतो. एका दिशेचीच फेरी असेल, तर मात्र नकाशा काढून बघा. खोल्यांचे सम आकडे कुठल्या बाजूला आणि विषम कुठल्या, हे कंपनीगणिक बदलतं. जाता जाता एक गंमत: एमएससी या इटालियन वळणाच्या कंपनीच्या जहाजांवर 17 वा डेकच नसतो, कारण इटलीत 17 हा आकडा अपशकुनी मानतात.

मला गाडी लागते. बोटही लागेल का?

लागेलच असं नाही, पण खोली विचारपूर्वक घ्या. लहान मुलांच्या सीसॉचा मधला दांडा आठवा. टोकं वर-खाली होतात, मधला भाग जवळपास जागेवर राहतो. जहाजाचंही तसंच. मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या डेकवरची खोली सगळ्यात कमी हलते. अगदी पुढे नाळेकडे आणि सगळ्यात वर सर्वांत जास्त. दुःख एवढंच, की महागड्या खोल्या बहुधा वरच असतात.

जहाजाच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं बरंच कमी करतात, पण पुढचं टोक वर-खाली होतं त्याला त्यांचा उपयोग नाही. म्हणूनच पुढची खोली टाळायची. औषध डॉक्टरांना विचारून न्या आणि बोट हलायच्या आधीच घ्या, मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. आलेपाकाची वडी सोबत असली तर उत्तम.

डेक प्लॅनमध्ये काय बघायचं?

आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते. लोक फक्त आपलाच मजला बघतात. वर स्विमिंग पूल असेल, तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा कर्कश आवाज थेट डोक्यावर येतो. वर स्वयंपाकघर असेल, तर रात्रभर ढकलगाड्यांची घरघर. खाली डिस्को किंवा थिएटर असेल, तर बासचे धक्के गादीतून जाणवतात. अगदी पुढच्या खालच्या खोल्यांना बंदरात शिरताना नांगराच्या साखळीचा खडखडाट ऐकू येतो. दोन खोल्या जोडणारं दार असेल, तर शेजारच्यांचं घोरणं फुकट. कुटुंबाने दोन्ही खोल्या घेतल्या असतील तर तेच दार वरदान.

सगळ्यात निवांत खोली म्हणजे जिच्या वर-खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत. प्लॅनवर नुसता पांढरा, नाव नसलेला चौकोन दिसला तर जरा संशय घ्या. बहुधा तो कर्मचाऱ्यांच्या वापराचा भाग असतो.

'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' म्हणून स्वस्तात मिळते ती घ्यावी का?

जरूर. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते, एवढंच. समुद्र थोडाच दिसतो, पण दिवसाचा उजेड येतो. इनसाइडपेक्षा दोन पैसे जास्त आणि खऱ्या ओशनव्ह्यूपेक्षा बरेच कमी.

'गॅरंटी' दर म्हणजे काय?

खोलीचा प्रकार ठरलेला, नंबर कंपनी देईल तो. धडधाकट जोडप्याला परवडतं. वयस्कर माणसं, गाडी लागणारे आणि व्हीलचेअरवाले यांनी या वाटेला जाऊ नये. नाहीतर लिफ्टपासून लांबच्या टोकाची खोली वाट्याला येते आणि तक्रारीला जागा नसते.

आम्ही चौघं, दोन मुलं. एकच खोली पुरेल का?

तिसऱ्या-चौथ्याची झोप भिंतीतून किंवा छतातून खाली येणाऱ्या बर्थवर होते, रेल्वेच्या अप्पर बर्थसारखीच, शिडीसकट. मुलांना तीच मोठी मजा. आजीला मात्र वरच्या बर्थवर चढवायचा बेत 'बघू तिथे गेल्यावर' म्हणून ठेवू नका. खोली आवरणाऱ्या माणसाला सांगितलं, तर तो सकाळी बर्थ दुमडून ठेवतो. दोघांचे पलंग जोडून हवेत की वेगळे, हेही आधी सांगता येतं.

एकटीने जायचं आहे. दोघांचे पैसे का मागतात?

कारण दर माणशी सांगितला, तरी तो खोलीत दोघं धरून लावलेला असतो. एकट्या माणसाकडून बहुतेक ठिकाणी दीडपट ते दुप्पट घेतात. नॉर्वेजियन एपिक या जहाजावर 2010 साली एकट्यांसाठी 100 चौरस फुटांच्या 128 खोल्या काढल्या, तेव्हापासून आणखी काही कंपन्यांनीही असं सुरू केलं. पण अशा खोल्या लवकर जातात.

'ॲक्सेसिबल' खोली म्हणजे नेमकं काय?

आमची चूक इथेच झाली. एजंट म्हणाला, "ॲक्सेसिबल आहे मॅडम, दांडेबिंडे सगळं आहे." आम्ही समाधानाने पैसे भरले. बोटीवर खोलीच्या दारात आप्पांची खुर्ची अडकली. दोन्ही चाकं चौकटीला घासत होती आणि मागे कॉरिडॉरमध्ये लोक सामान घेऊन खोळंबले होते. पट्टी मागवून मोजलं: दार साडेबावीस इंच, खुर्ची पंचवीस. शेवटी खुर्ची घडी करून आत नेली आणि आप्पांना दोघांनी काखेत धरून. बाथरूमला वीतभर उंच उंबरठा. दांडा होता खरा, कमोडशेजारी एक. चार रात्री आप्पांनी आंघोळ केली नाही, ओल्या पंचाने अंग पुसून घेतलं. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे बादलीभर कढत पाणी.

तर 'ॲक्सेसिबल' या शब्दाखाली निदान दोन वेगळ्या खोल्या विकल्या जातात.

पहिली पूर्ण ॲक्सेसिबल. खुर्चीवर बसूनच सगळी कामं करता येतील अशी. दार निदान 32 इंच, म्हणजे सुमारे 81 सेंमी. आत खुर्ची वळवायला पाच फूट व्यासाची मोकळी जागा. बाथरूमला उंबरठा नाही, असलाच तर उतार. शॉवर सपाट जमिनीवरचा, भिंतीला दुमडणारी बसायची फळी, हातात धरायचा शॉवर, उंच कमोड, दोन्हीकडे आधाराचे दांडे, बेसिनखाली गुडघे जातील एवढी पोकळी. कपाटातली दांडी खाली ओढता येते. बाल्कनीला उंबरठ्यावर उतार.

दुसरी, थोडंफार चालू शकणाऱ्यांसाठीची. तिला कंपन्या 'अँब्युलेटरी' म्हणतात. दांडे आणि शॉवरमधली फळी असते, पण दार आणि मोकळी जागा पहिलीएवढी असेलच असं नाही. आम्हाला मिळाली ती ही. मधला एक प्रकारही असतो: खुर्ची आत जाते, वळते, पण पलंगाला एकाच बाजूने लागते. उजवा हात चालत नसेल, तर 'एका बाजूने' म्हणजे कुठल्या, हे विचारायलाच हवं. कमोडचंही तेच. आप्पांची डावी बाजू गेली होती, म्हणून आधाराचा दांडा उजव्या हाताला लागायचा.

त्यामुळे एजंटला "ॲक्सेसिबल आहे का?" असं विचारू नका, तो हो म्हणणारच. हे विचारा: खोलीच्या दाराची आणि बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी किती इंच? बाथरूमला उंबरठा किती? शॉवर सपाट आहे की टबमध्ये चढायचं? पलंगाची उंची किती, आणि त्याखाली माणसाला उचलायच्या यंत्राचे पाय जातात का? उत्तरं ईमेलवर मागा, तोंडी नकोत. आणि विचारण्याआधी आपली खुर्ची मोजा, चाकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. खुर्चीच्या कंपनीने सांगितलेली 18 इंच ही नुसत्या बैठकीची रुंदी असते. हाताने चाक फिरवणार असाल, तर बोटांसाठी दोन्हीकडे इंचभर सोडा.

बाबा चालतात, पण गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी अशी खोली अडवणं बरोबर आहे का?

पूर्ण ॲक्सेसिबल खोल्या अख्ख्या जहाजात मोजक्याच असतात. नुसत्या ऐसपैस म्हणून त्या घेणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्यामुळे ज्याला गरज आहे तो घरी राहतो. गुडघ्यांसाठी अँब्युलेटरी खोली मागा, नाहीतर लिफ्टजवळची साधी खोली घ्या आणि शॉवरमध्ये ठेवायला स्टूल मागवा. मोठ्या जहाजाचा कॉरिडॉर कधी कधी पाव किलोमीटरच्या आसपास भरतो. नाश्ता, जेवण, कार्यक्रम असं दिवसातून चारदा गेलं की गुडघे बोलू लागतात. लिफ्टच्या तोंडासमोरची नको, गलका असतो. चार-सहा दारं सोडून घ्या.

अशी खोली बुक कशी करायची?

जेवढ्या लवकर जमेल तेवढ्या, वर्षभर आधीही. वेबसाइटवर त्या बऱ्याचदा दिसत नाहीत, मग फोन करावा लागतो. बहुतेक कंपन्या गरजेचा फॉर्म भरून घेतात. त्यात व्हीलचेअरची रुंदी, वजन आणि बॅटरीचा प्रकार लिहा. अमेरिकेच्या बंदरांतून निघणारी जहाजं परदेशी झेंड्याची असली, तरी तिथला दिव्यांग हक्कांचा कायदा त्यांना लागू होतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली ठरवलं. फॉर्म भरलात तरी निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा फोन करून खोलीचा नंबर ताडून घ्या.

घरची व्हीलचेअर न्यावी की जहाजावर मिळते?

घरची न्या. जहाजावरच्या खुर्च्या चढण्या-उतरण्यापुरत्या किंवा अडीअडचणीला असतात, चार दिवस वापरायला नसतात. बॅटरीची खुर्ची किंवा स्कूटर असेल, तर ती रात्री खोलीच्या आतच ठेवावी लागते. कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, कारण आग लागली तर पळायची वाट तीच. म्हणजे दार रुंद हवं हे पुन्हा आलंच. चार्जिंगसाठी प्लग पिन बघा, परदेशी जहाजांवर आपली जाड तीन पिनांची बसत नाही.

बंदरावर उतरता येईल का?

हा प्रश्न लोक खोली ठरवल्यावर विचारतात. खरं तर आधी विचारायचा. बोट धक्क्याला लागत असेल, तर शिडीवरून म्हणजे गँगवेवरून खुर्ची ढकलत नेतात. तिचा चढ भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाण्याच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, म्हणजे सकाळी सोपी असलेली शिडी दुपारी छातीवर येऊ शकते. गोव्यात मुरगावला बोट धक्क्याला लागते.

लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान होडीतून किनाऱ्यावर जायचं असतं. याला टेंडर म्हणतात. कोकणात ज्यांच्या आजी-आजोबांनी बोटीचा प्रवास केलाय, त्यांना हे समजावून सांगायला नको. बऱ्याच बंदरांत आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून उतरायचं, लाट वर आली की खलाशी हाताला धरून उचलून घ्यायचा. आजही तत्त्व तेच. समुद्र खवळला असेल, तर व्हीलचेअरवाल्यांना नाही म्हणतात, आणि बॅटरीची जड खुर्ची बहुतेक वेळा नेतच नाहीत. फेरीत किती बंदरं टेंडरची आहेत ते मोजा. निम्मी असतील, तर बाल्कनीचा विचार पुन्हा करा, कारण ते दिवस खोलीतच जाणार.

काही झालं तर लिफ्ट बंद असते म्हणे?

हो. आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत. चढल्या दिवशीच स्वागतकक्षात जाऊन 'जिने उतरताना मदत लागेल' अशी नोंद करा. मग ठरलेले कर्मचारी खोलीवर येतात आणि जिना उतरवायच्या खास खुर्चीतून नेतात. बोट सुटण्याच्या सुमारास होणारी सुरक्षेची कवायत सक्तीची असते. आम्ही तेव्हाच आप्पांना न्यायला कोण येणार त्याचं तोंड पाहून घेतलं. फिलिपिनो मुलगा होता. नंतर चारही दिवस तो आप्पांना लांबून हात करायचा.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी काही सोय असते का? आणि दृष्टी नसलेल्यांसाठी?

कमी ऐकू येणाऱ्यांना आधी कळवलं तर एक संच देतात. दारावर टकटक झाली किंवा अलार्म वाजला की दिवा लुकलुकतो आणि उशीखालची चकती थरथरते. यासाठी ॲक्सेसिबल खोली घ्यायची गरज नाही. बऱ्याच जहाजांवर खोलीचे नंबर आणि लिफ्टची बटणं ब्रेलमध्ये असतात. दृष्टी नसलेल्यांनी लिफ्टपासून सरळ रेषेत, वळण न घेता पोचता येईल अशी खोली मागावी.

सीपॅप मशीन (झोपेत श्वासाला मदत करणारं यंत्र) आणि इन्सुलिनचं काय करायचं?

पलंगाजवळ प्लग असेलच याचा भरवसा नाही, म्हणून एक्स्टेन्शन आणि डिस्टिल्ड वॉटर आधीच मागवून ठेवा. आपला सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड नेऊ नका, तो तपासणीत काढून घेतात. इस्त्री आणि किटलीचंही तेच होतं. खोलीतला मिनीबार नुसता गारसर असतो. इन्सुलिनसाठी औषधांचा वेगळा फ्रिज मागा.

गरोदर बाई किंवा तान्हं बाळ चालतं का?

बहुतेक कंपन्या 24 आठवडे झाल्यावर घेत नाहीत, आणि बाळ निदान सहा महिन्यांचं लागतं. पाळणा मोफत मिळतो, पण तो ठेवल्यावर खोलीत उभं राहायला जागा उरते का ते बघा.

बाथरूममध्ये पाण्याची सोय असते का? कसली ते कळलं असेलच.

परदेशी जहाजांवर जेट सहसा नसतो. प्लॅस्टिकचा टमरेल बॅगेत टाका. लाजू नका, सगळे नेतात. आणि दोन-चार चुंबकी हूक घ्या. खोल्यांच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यावर ओला पंचा, टोपी, काठी, सगळं लटकतं.

खोली आवडली नाही तर बदलून मिळते का?

बोट भरलेली नसेल आणि पहिल्याच संध्याकाळी विचारलंत, तर कधी कधी. पैसे भरून वरच्या वर्गातली मिळू शकते. पूर्ण ॲक्सेसिबल खोली मात्र ऐनवेळी मिळाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. आम्ही पहिल्या रात्री स्वागतकक्षात तासभर उभे होतो. तिथल्या मुलीने मनापासून शोधलं, एकही रिकामी निघाली नाही. शेवटी तिने एका सुताराला पाठवलं आणि त्याने बाथरूमच्या उंबरठ्यापाशी फळीचा उतार करून दिला. खुर्ची तरीही आत जात नव्हती, पण आप्पांचा पाय तेवढा कमी उचलावा लागला.